सतरा नंबरचा नमुना

तीर्थस्वरूप आत्येस,

हातातला हातोडा बाजूला ठेवून आणि हात स्वच्छ धुऊन मगच हा साष्टांग नमस्कार घालतो आहे. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू बांधतेस, की त्याने अजून माडीवरची खिडकीच बांधून ठेवली आहेस? (मागच्या वेळी आलो तेव्हा तो खिडकीला होता आणि तू जिन्यात हाश्शहुश्श करत बसली होतीस, हे मी विसरलेलो नाही.) मांजरीने पुन्हा आतोबांच्या कर्ण्यात पिल्लं घातली का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तुझी भाचेसून ठीक आहे. माझ्याबद्दल तसं लिहायला हात धजत नाही. गेल्या सोमवारपासून मला एकामागून एक असे धक्के बसत आहेत की आता कोणी दार जरी वाजवलं तरी मी खुर्ची घट्ट धरतो. पत्र लांबलचक आहे, पण माझी शपथ आहे, मधलं काही न गाळता शेवटपर्यंत वाच. शेवटाला महत्त्वाचं आहे. खरं तर मधेही आहे.

मी ऑफिसात नक्की काय करतो असं तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी 'गोपनीय आहे' असं म्हणून पाण्याचा तांब्या पुढे ओढतो. आता गोपनीयतेचे बारा वाजलेलेच आहेत, तर ऐक. चष्म्याच्या दुकानावर तीन खोल्यांची आमची प्रयोगशाळा आहे. पेनड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्या आमच्याकडे आपापले नमुने पाठवतात. फुटपाथवर ढिगाने मिळतात तसले पेनड्राइव्ह नव्हेत. आत ठेवलेलं सगळं अशा सांकेतिक भाषेत लिहून ठेवायचं की पासवर्डशिवाय खुद्द बनवणाऱ्यालाही ते वाचता येऊ नये, अशा घुम्या जातीचे. कंपनी म्हणते आमचा माल अभेद्य आहे. आम्ही म्हणतो बघू. मग पहिल्या खोलीत त्यांना भट्टीत घालतात, नंतर बर्फात घालतात, दुसऱ्या खोलीत पाण्यात बुडवतात, फरशीवर आपटतात, करवतीने कापतात. आतली चिप टणक डिंकात गाडलेली असते. चोराने डिंक फोडला तर चिपचाही चुरा व्हायला हवा, पण तिने तोंड उघडता कामा नये. इतका छळ सोसूनही जे गप्प राहतात त्यांना प्रमाणपत्र मिळतं. (तुझी भाचेसून म्हणते की असं प्रमाणपत्र सुनांनाही मिळायला हवं. मी तिकडे दुर्लक्ष केलं.)

तिसऱ्या खोलीत मी बसतो. माझं काम चुकीचे पासवर्ड टाकण्याचं. हसू नकोस. लागोपाठ दहा वेळा पासवर्ड चुकला की पेनड्राइव्हने आतलं सगळं कायमचं पुसून टाकायचं असा नियम आहे. तो नवव्याला घाबरून पुसत नाही ना, आणि अकराव्यापर्यंत ढिलाई करत नाही ना, हे कोणीतरी बसून पाहायला हवं. तुला वाटेल चुकण्यात काय मोठंसं. अगं, माणूस चुकतो ती त्याची त्याची ठरलेली चूक असते, तेच ते अक्षर, तोच तो आकडा. मला दर वेळी नवीन चुकावं लागतं. चुकून बरोबर आलं तर दिवसभराची मेहनत पाण्यात. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणाल्या होत्या की याच्याइतक्या स्वच्छ चुका आमच्याकडे दुसरं कोणी करत नाही. मी घरी पेढ्यांचा पुडा घेऊन आलो होतो. आज त्याच स्वच्छ चुकांनी माझा घात केला आहे, पण ते पुढे येईल.

आता तुझ्या पेनड्राइव्हकडे येतो. आतोबा गेल्यावर त्यांच्या आवाजाची ती एकुलती एक कॅसेट तू रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेलीस. त्याने ती कशीबशी एकदा वाजवून पेनड्राइव्हमध्ये भरली, आणि भरता भरताच कॅसेटची फीत यंत्रात गुंतून तिचा गुंता झाला. म्हणजे जगात आतोबांचा आवाज उरला तो त्या पेनड्राइव्हमध्येच. या कामासाठीच तू त्याआधी माझ्याकडे चांगला पेनड्राइव्ह मागितला होतास. आता खरं सांग, दुकानात जाऊन नवा कोरा, कोणी एकदाही न उकळलेला पेनड्राइव्ह माझ्या आत्येला देण्याचं धाडस मी कसं करणार? कोण जाणे कसा निघेल. मी आमच्या पास झालेल्या नमुन्यांच्या पेटीतून सतरा नंबरचा उचलला. माझ्या डोळ्यांदेखत त्याला उकळलं होतं, गोठवलं होतं, गच्चीवरून खाली टाकलं होतं. सतरा नंबरने हूं की चूं केलं नव्हतं. परीक्षा संपली की नमुने चुरा करायच्या यंत्रात जातात, तेव्हा एक कमी झाला तर कोणाचं काय बिघडणार, असा मी विचार केला. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक कोणी करूच शकत नाही. बाकीचे लोक दुकानात जातात.

आणि देताना मी तुला समोर बसवून तास घेतला होता, आठवतं? प्रत म्हणून काढायची नाही, कारण जितक्या प्रती तितकी भोकं. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, मलाही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, या पेनड्राइव्हबद्दल कोणाचाही फोन आला, तो अगदी माझ्या आवाजात बोलला, तरी हूं न करता फोन खाली ठेवायचा, कारण हल्ली भामटे आवाजाचीही नक्कल करतात. तू मान डोलवत होतीस. मला वाटलं ऐकल्यासारखं करते आहे. तू खरंच ऐकत होतीस हा मला बसलेला पहिला धक्का.

मधेच आतोबांची एक आठवण सांगतो, कंटाळू नकोस. (ती इथे का घातली ते नंतर कळेल.) आतोबा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या भाषणांसाठी माइक लावले आणि स्वतः कधी भाषण केलं नाही. माइकवर ते बोलायचे ते फक्त तपासण्यापुरतं, 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन, मागे ऐकू येतंय का?' आणि मोकळ्या खुर्च्यांच्या अगदी शेवटच्या रांगेत तू बसलेली असायचीस. तू हात वर केलास की तपासणी पूर्ण. तू नसलीस तर ते पुन्हापुन्हा विचारत राहायचे आणि सभेचे अध्यक्ष घड्याळ पाहायचे. त्याच काळात मी त्यांचा एक माइक फोडला होता, आवाज आत कुठे राहतो ते पाहायला. तू मारलंस. ते मात्र तो फुटका माइक उलटसुलट करत म्हणाले की आता याला ठोक्याच म्हणायचं. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे मला फोडाफोडीचीच नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले होते, 'बघ, तेव्हाच ओळखलं होतं मी.' त्या कॅसेटवर त्यांचं गाणं नाही की गप्पा नाहीत. असंच माइक तपासणं आहे, मधे कोणावर तरी वायर ओढली म्हणून ओरडणं आहे, आणि पुन्हा तपासणं आहे. मी ती एकदाच ऐकली आहे, तीही रेडिओवाल्याच्या दुकानाबाहेर उभं राहून.

आता धक्क्यांकडे येतो. हे पेनड्राइव्ह नुसते घुमे नसतात, आज्ञाधारकही असतात. मोठ्या कंपनीत शेकडो माणसांकडे शेकडो पेनड्राइव्ह असतात. कोणी टॅक्सीत विसरतो, कोणी नोकरी सोडून जाताना घेऊन जातो. म्हणून ऑफिसात बसून एका पडद्यावरून सगळ्यांचा कारभार करायची सोय असते. इथून सांगितलं, कुलूप लाव, की तिकडे कुलूप लागतं. इथून सांगितलं, सगळं पूस, की तिकडे सगळं साफ. अट एवढीच की तो पेनड्राइव्ह इंटरनेट असलेल्या कॉम्प्युटरला लागला पाहिजे. इंटरनेटचा वारा लागला की तो आधी ऑफिसला हजेरी देतो आणि काही हुकूम आहे का विचारतो. या दूरच्या कारभाराचीही परीक्षा असते आणि ती सगळ्यांत शेवटी होते. हे मला ठाऊक होतं. पण माझं काम चुका करण्याचं असल्यामुळे त्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी मी नेहमी खाली चहाला गेलेलो असतो.

सोमवारी चहाहून वर आलो तर मॅडम पडद्यासमोर उभ्या. त्यांनी सगळ्या नमुन्यांना पुसून टाकण्याचा हुकूम सोडला होता. सगळ्यांनी हुकूम पाळल्याची हजेरी दिली होती. एकाने दिली नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या, 'सतरा नंबर कुठे आहे?' आत्ये, तो तर तुझ्या घरी. हुकूम निघाला आहे आणि तो आपोआप मागे फिरत नाही. तो तसाच दबा धरून बसला आहे, सतरा नंबर कधी इंटरनेटला लागतो याची वाट बघत. तुझा कॉम्प्युटर जुना, त्याला इंटरनेट नाही, म्हणून आतोबा अजून आहेत. पण या रविवारी त्यांचं सगळं सामान, कर्णे, माइक, पेट्या, तू शाळेला देते आहेस, आणि सभागृहात त्यातून पहिला आवाज त्यांचाच निघाला पाहिजे असा तुझा हट्ट आहे. शाळेच्या कॉम्प्युटरला इंटरनेट आहे. तू पासवर्ड टाकशील, सगळे कान देऊन बसतील आणि भोंग्यातून काहीही येणार नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि आतोबांचं काय काय आहे त्यात असं विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या की हुकूम मागे घेता येतो. मला इतका धक्का बसला की मी खुर्चीवर बसलो ती त्यांची खुर्ची निघाली. पण अट अशी की एकट्यादुकट्याने घोळ करू नये म्हणून दोन अधिकाऱ्यांनी आपापला पासवर्ड टाकायचा. एक त्या, आणि दुसरा अधिकारी कागदोपत्री मी. त्यांनी त्यांचा टाकला. माझी पाळी आली. आणि आत्ये, माझा पासवर्ड मला पाठ आहे, झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवीन, पण बोटं ऐकेनात. इतकी वर्षं ती चुकायलाच शिकली आहेत. मी बरोबर अक्षर शोधायचो आणि बोट शेजारच्या अक्षरावर पडायचं. दर वेळी नवीन चूक, दर वेळी स्वच्छ. मॅडम म्हणाल्या सावकाश. मी सावकाश चुकलो. म्हणाल्या डोळे मिटून घ्या, तेही करून पाहिलं. दहावी चूक झाल्यावर पडद्याने स्वतःलाच कुलूप लावून घेतलं. ते उघडायला ज्यांनी तो बनवला त्या कंपनीचा माणूस यावा लागतो आणि तो पुढच्या आठवड्यात येणार आहे. मॅडमनी वहीत 'दहाव्या प्रयत्नाला कुलूप लागले, चाचणी यशस्वी' असं लिहिलं, कारण सवय.

मग मी तुला फोन केला. तू म्हणालीस, 'कोण बोलतंय?' मी म्हटलं, मी ठोक्या, पेनड्राइव्हबद्दल बोलायचं आहे. तू म्हणालीस, 'अगदी त्याच्यासारखाच काढलास रे आवाज,' आणि फोन ठेवलास. पुन्हा केला तर म्हणालीस की माझा भाचा या कामात वाकबगार आहे, तो तुला तुरुंगात घालील. त्यानंतर उचललाच नाहीस. शाळेच्या मुख्याध्यापकांना केला, तर ते म्हणाले की बाईंनी आधीच बजावून ठेवलं आहे, त्यांच्या भाच्याच्या आवाजात एक भामटा फोन करतो. ज्या भामट्यापासून मी तुला सावध केलं तो भामटा मीच निघालो. स्वतः येऊन पाय धरले असते, पण शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत, आणि सतरा नंबर बेपत्ता असताना मीही बेपत्ता झालो तर मॅडम एकट्या सापडतील. हे सगळं ऑफिसचं गुपित असल्यामुळे तुझ्या भाचेसुनेलाही मी अवाक्षर सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र. नक्कल करून आवाज काढता येतो, पण माझं अक्षर काढणं कोणत्याही भामट्याच्या बापाला जमणार नाही, असं तूच म्हणायचीस.

गुडघ्याची काळजी घे. पट्टा खिडकीचा सोड. मांजरीला माझा आशीर्वाद सांग.

तुझ्या पायाचा अंगठा धरून बसलेला,
ठोक्या

ता.क. रविवारी शाळेच्या कॉम्प्युटरची मागची इंटरनेटची वायर आधी उपटायची. उपटली असं कोणी म्हटलं तरी विश्वास ठेवायचा नाही, स्वतःच्या हाताने उपटून ती पर्समध्ये घालायची. वायर नसेल आणि बिनतारी भानगड असेल तर सरळ तुझा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून ने. मगच सतरा नंबर लावायचा. आणि हो, लावण्याआधी घरच्या कॉम्प्युटरवरून फुटपाथवरच्या कसल्याही टिनपाट पेनड्राइव्हमध्ये त्याची एक प्रत काढून घे. भोकांचं मी म्हणालो होतो ते म्हणालो होतो.

ता.क. दुसरा. इतकं पाल्हाळ का लावलं ते आता सांगतो. खिडकीचा पट्टा, कर्ण्यातली पिल्लं, फुटका माइक, शेवटची रांग, हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहीत असणार? पत्र माझंच आहे हे तुला पटावं म्हणून सगळं घातलं. हीच आमच्याकडची ओळख पटवण्याची पद्धत, फक्त जरा जास्त शब्दांची. काम झाल्यावर सतरा नंबर मला परत पाठव, म्हणजे मॅडम त्याला रीतसर पुसतील आणि त्यांचं प्रमाणपत्र अडायचं नाही.

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो (ऑफिसात डिंकाचे डबेच्या डबे, घरी टिपूस नाही) तेवढ्यात तुझ्या भाचेसुनेने पत्र टेबलावरून उचलून वाचलं. मला वाटलं तिला भोवळ येईल. ती म्हणाली, 'अहो, पण ती कॅसेट तर माझ्या फोनमध्ये आहे.' मी डिंकाचा नाद सोडून भिंत धरली. तू ती सगळ्यांना पाठवली आहेस म्हणे. धाकट्या चुलतबहिणीकडे आहे, मुख्याध्यापकांकडे आहे, रेडिओवाल्याकडे आहे, तुझ्या शेजारणीच्या तर फोनची घंटाच ती आहे. पासवर्डही सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो 'ठोक्या१२३' आहे. इतका कच्चा पासवर्ड मी चुकूनही टाकला नसता, आणि मी चुकीचे टाकण्याचाच पगार घेतो. मग तिने माझ्यासमोर तुला फोन लावला, तू पहिल्या घंटेला उचललास आणि अर्धा तास बोललीस. फोन ठेवून ती म्हणाली की तू मला एकट्यालाच प्रत दिली नाहीस, कारण कळलं असतं तर मला धक्का बसला असता. बसला. पण आता बसून झाला आहे, तेव्हा मलाही एक प्रत दे. तिच्याकडून घेता आली असती, पण ती म्हणते आत्यांना विचारा, त्यांनी बजावलं आहे. म्हणून विचारतो. पत्र मुळात याच्यासाठीच होतं असं समज. बाकीचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल.

ता.क. शेवटचा. प्रत देऊ नकोस असं तू तिला म्हणालीस, ऐकवू नकोस म्हणाली नव्हतीस, म्हणून तिने आत्ता फोन ओट्यावर ठेवून वाजवला. आधी नुसती खरखर, मग कोणीतरी खोकलं, आणि मग ते म्हणाले, 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन, मागे ऐकू येतंय का?' मी स्वयंपाकघराच्या दारात होतो, म्हणजे तसा मागेच. मी हात वर केला.